नग मोज, मग पुढे चल

पोरी, तुझा व्हिसा लागून आला तेव्हापासून घरात बॅगांशिवाय दुसरा विषय नाही. तुझी आई एकेक वस्तू काढून पलंगावर ठेवते, तुझा बाप त्यातली अर्धी उचलून परत कपाटात ठेवतो. मी मध्ये बोललो नाही. पण तुझ्या दादाकडे श्टुटगार्टला जाण्यासाठी तुझ्या मोठ्या आईला आणि मला हा प्रवास दोनदा घडला आहे, आणि त्याआधी रिसोड आगारात मी ३१ वर्षं वाहक होतो. माणसं आणि त्यांचं सामान इथून तिथं धड पोचवणं हेच माझं काम होतं. म्हणून हे लिहून देतो. तोंडी सांगितलं तर अर्धं राहून जाईल. लिहिलेलं अकोल्याच्या फलाटावरही वाचता येतं.

आधी आपल्या शेतातली पाइपलाइन डोळ्यांपुढे आण. सरळ पाइप जमिनीखाली वर्षानुवर्षं गुमान पडून असतो. पाणी गळतं ते जोडावर. लांबच्या प्रवासाचंही असंच आहे. अकोल्याहून मुंबईला गाडी तुला नेणारच, मुंबईहून फ्रँकफर्टला विमान नेणारच; तिथे तुला नुसतं बसायचं आहे. घोळ होतो तो एक वाहन सोडून दुसरं धरताना. शिरपूर ते अकोला, अकोल्याची गाडी, दादरला उतरणं, दादर ते विमानतळ, विमानतळाच्या आतल्या रांगा, फ्रँकफर्टला विमानातून रेल्वेवर जाणं आणि शेवटी श्टुटगार्टच्या स्टेशनातून खोलीपर्यंत. या प्रत्येक जोडावर वेळ सैल ठेवायचा आणि नग मोजायचे. माझ्याकडे सांगण्यासारखं मुळात एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा तपशील.

नग मोजायचं मला आगारात शिकवलेलं नाही. ते मी एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईकडून शिकलो. मालेगाव–शिरपूर–रिसोड फेरीवर होतो तेव्हाची गोष्ट. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला कुठून कुठून लोक येतात हे तू लहानपणापासून पाहतेस. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही ही श्रद्धाच त्यांना गुजरात-राजस्थानातून इथवर ओढून आणते. ही बाई गुजरातकडची, बरोबर सुना-नातवंडं, टपावर वळकट्या, आत पितळी डबे. गाडी थांबली की प्रत्येक ठिकाणी ती एकेका सामानाला हात लावून आकडा म्हणायची. नुसतं तोंडाने मोजणं नाही, हात लावून मोजणं. आणि शेवटचा आकडा म्हणताना स्वतःच्या छातीला हात लावायची. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की, सामान सगळं असतं, पण घाईत माणूसच भानावर नसतो, म्हणून आपणही एक नग. त्या दिवसापासून मी वेबिल लिहिण्याआधी तसंच करू लागलो. तुझे पाच नग आहेत: दोन मोठ्या बॅगा, एक छोटी चाकाची, एक पाठीवरची आणि एक गळ्यातला बटवा. सहावी तू. दर जोडावर सहापर्यंत मोज, आणि सहा म्हणताना एक श्वास घे.

आता तारीख. यात भले भले चुकतात, आणि मीही चुकलो होतो. मुंबईहून युरोपकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख आणि रात्रीचे १ वाजून ५० मिनिटं असं लिहिलेलं असलं, तर त्याचा अर्थ १३ तारखेच्या रात्रीच विमानतळ गाठायचा. पहिल्या वेळी मी रेल्वेचं आरक्षण असं केलं होतं की गाडी १४ तारखेच्या सकाळी दादरला पोचणार. जन्मभर वेळापत्रकं हाताळलेला माणूस मी, पण रात्री बाराला तारीख बदलते हे त्या कागदावर मला दिसलंच नाही. दादाने फोनवर विचारलं म्हणून कळलं, नाहीतर विमान निघून गेल्यावर आम्ही सामानासकट मुंबईत उतरलो असतो. तुझं विमान पहाटे दोनच्या सुमाराचं आहे. तेव्हा वहीत तारीख लिहू नकोस, वार लिही आणि त्यापुढे ‘आदल्या रात्री’ असं शब्दांत लिही. घरातल्या तिघांना ते वेगवेगळं वाचायला लाव.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. विमानाचं तिकीट तू त्याच्याही आधी काढलेलं आहेस, म्हणजे साठावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवायचा आणि त्याच सकाळी आरक्षण करायचं. गाडी निवडताना मी एक नियम पाळतो, तो एसटीतला आहे: जी गाडी जवळून सुटते ती वेळेवर असण्याची शक्यता जास्त. लांबून येणारी गाडी वाटेतला सगळा उशीर अंगावर घेऊन येते. म्हणून हावड्याकडून येणाऱ्या मेलपेक्षा अमरावतीहून सुटणारी मुंबई गाडी मला बरी वाटते, तिच्या खालोखाल गोंदियाहून येणारी विदर्भ. दोन्ही रात्रीच्या, सकाळी मुंबईत. आणि ज्या रात्री विमानतळ गाठायचा, त्याच दिवशी सकाळी पोचणारी गाडी घ्यायची, दुपारची नाही. गाडी चार तास लेट झाली तरी तुझ्या हातात अख्खी दुपार उरते. तुझ्या बापाच्या डोक्यात समृद्धीने मोटारीने जायचं आहे. आता तो महामार्ग थेट मुंबईच्या तोंडाशी, आमण्यापर्यंत झाला आहे, रस्ता चांगला आहे हे मान्य. पण रात्रभर सरळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला झोपेची झापड येते, आणि पोरगी परदेशी निघाली म्हणून त्याला आदल्या रात्रीही झोप लागलेली नसणार. त्याने गाडी हातात घेऊ नये, तुझ्याबरोबर रेल्वेनेच मुंबईपर्यंत यावं. माझं यात दुसरं मत नाही.

अकोल्याला निघताना पातूरच्या घाटाचा आणि पावसाचा हिशोब धर. सप्टेंबर अखेर परतीचा पाऊस असतोच. शेवटच्या एसटीवर विसंबायचं नाही. दुपारीच निघा, स्टेशनात बसा, डबा तिथे खा. आणि निरोप घरीच घ्या. देवापुढे, ओसरीवर, काय रडायचं ते रडून घ्या. फलाटावर गाडी दोन-पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात आईने गळ्यात पडायचं की सामान चढवायचं? माझ्या नोकरीत मी सामान खाली राहिलेलं पाहिलं ते बहुतेक निरोप घेणाऱ्या लोकांचं.

गाडीत मोठ्या बॅगा बर्थखाली साखळीने बांध, बटवा अंगावर घेऊनच झोप. शेगाव आलं की हात जोड आणि मग खुशाल झोप. गजर कसाऱ्याच्या वेळेचा लाव. कल्याण आलं की चप्पल-बूट पायात, ठाणे आलं की नग दाराशी. दादरला उतरणाऱ्यांची आणि चढणाऱ्यांची गर्दी एकाच दारात होते, त्यात दोन मोठ्या बॅगा ओढत येणाऱ्याला कोणी वाट देत नाही. तू आधीच दारात असलीस तर वाट मागावीच लागत नाही.

मुंबईतला तो दिवस वाया गेला असं समजू नकोस. तो दिवस मुद्दाम ठेवलेला आहे. मामाकडे डोंबिवलीला जायचा मोह होईल, कारण तिथली चुलत आजी तुला पाहायचं म्हणते. नको. डोंबिवलीहून रात्री परत यायचं म्हणजे आणखी दोन जोड वाढले. दादरला किंवा अंधेरीकडे एखादी खोली दिवसापुरती घ्या, आंघोळ करा, दुपारी तीन तास झोप, संध्याकाळी घरच्या दशम्या खा. दादरपासून विमानतळाच्या टर्मिनल दोनपर्यंत आता भुयारी मेट्रो थेट जाते, मे २०२५ पासून दादरचं स्टेशन सुरू झालं आहे. आम्हाला ती नव्हती. पण दोन मोठ्या बॅगा असताना मेट्रो नको, टॅक्सी कर. मेट्रो बापाला परतीसाठी दाखवून ठेव, आणि ती रात्रभर चालत नाही हेही त्याला सांग. टॅक्सीवाल्याला ‘एअरपोर्ट’ एवढंच सांगू नकोस; ‘सहार, टर्मिनल दोन, इंटरनॅशनल, डिपार्चर’ असं पूर्ण सांग. सांताक्रूझकडचं टर्मिनल एक निराळं आहे, आणि तिथे जाऊन परत यायला रात्रीही वेळ जातो.

सामानाकडे येतो, कारण आईचा जीव त्यातच अडकला आहे.

जर्मनीत, म्हणजे सगळ्या युरोपीय संघातच, बाहेरून येणाऱ्याला दुधाचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही. याचा अर्थ घरचं तूप नाही, पेढे नाहीत, खव्याचं काही नाही. मोठ्या आईने पहिल्या वेळी अर्धा किलो तूप कढवलं होतं. नियम कळल्यावर ते आम्ही शेजारी देऊन टाकलं. तुझ्या आईने आधीच ऐकावं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता हेही सरकारी तपासणीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. केळी, अननस, नारळ, खजूर, डुरियन एवढ्यांना सूट आहे. नारळाला सूट आहे म्हणून खोबऱ्याच्या वाट्या भरू नका. सुकं खोबरं विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालत नाही, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. कापराचंही तेच, तो ज्वलनशील म्हणून कुठल्याच बॅगेत नाही. काड्यापेटी काढून टाक. उदबत्ती चालेल. बापाच्या हातात कधी अडकित्ता असतो, तो तुझ्या पाठीवरच्या पिशवीत गेला नाही ना, ते पाहा. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतात.

मग न्यायचं काय? जवसाची चटणी, तिळाची चटणी, काळा मसाला, मेतकूट, मूगवड्या, कुरडया, भाजलेला रवा, पोहे. हे सगळं कोरडं, दुहेरी पिशवीत, वर इंग्रजीत नाव लिहिलेलं. लोणचं द्यायचंच असेल तर एकच छोटी बाटली, झाकणाला पट्टी, दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध, जुन्या सुती कापडात. हातातल्या बॅगेत पातळ किंवा लगद्यासारखं काहीही १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यात जात नाही, आणि लोणचंही त्यात धरतात. तांदूळ-डाळ नेऊ नकोस, श्टुटगार्टला भारतीय दुकानं आहेत. वजन त्या वस्तूंना दे ज्या तिथे मिळत नाहीत. आईच्या हातचा काळा मसाला तिथे कुठून मिळणार?

इथे एक आडवळणाची गोष्ट सांगून ठेवतो, तुझ्यासाठी नाही, गावातल्या ज्या पोरी लग्न होऊन दुबईला गेल्या त्यांच्या आयांसाठी. अनारसे पाठवू नका. अनारशावर खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत, सौदीत, सिंगापुरात खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी म्हणून गुन्हा धरतात. मसाल्यात खसखस वाटलेली असते तीही. दिवाळीच्या फराळाने कोणाची लेक तुरुंगाच्या दारात उभी राहू नये. हे मी ग्रामपंचायतीसमोरच्या बाकावरही चार जणांना सांगितलं आहे.

मोठ्या बॅगांना आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांध. काळ्या बॅगा शंभर असतात, लुगड्याची चिंधी एकीलाच. बाहेरचा पत्त्याचा तुकडा फाटतो, म्हणून आतही, अगदी कपड्यांच्या वर, एका कागदावर नाव, इथला फोन आणि तिथला पत्ता ठेव. बॅगांचं वजन घरीच काट्यावर घ्या. शाळेजवळच्या किराणा दुकानातला मोठा काटा चालेल. तिकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक किलो कमीच भर.

कागदपत्रं, औषधं, एक जोडी कपडे, चार्जर आणि एका वेळचं खाणं हे मोठ्या बॅगेत कधीच ठेवायचं नाही. मोठी बॅग एखादे दिवशी मागून येऊ शकते, पण तू त्या रात्री झोपणार तिथेच. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं पत्र, विम्याचा कागद, बँकेत अडकवून ठेवलेल्या पैशाचा दाखला, खोलीचा करार, हे मूळ बटव्यात. त्यांच्या झेरॉक्स पाठीवरच्या पिशवीत, आणि फोनमध्ये फोटो. तीन ठिकाणी. फोनमधला फोटो असा ठेव की इंटरनेट नसतानाही उघडेल. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवलीस तर बॅग उघडायला लावतात. ती हातातल्या सामानातच. लॅपटॉपचा आपला तीन खुंट्यांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, इथूनच अडॅप्टर घे. यूपीआयवर तिथे विसंबू नकोस, त्यामुळे परकीय चलनाचं कार्ड आणि थोड्या युरोच्या नोटा. त्यातही एक-दोन युरोची नाणी मिळाली तर सोन्यासारखी सांभाळ. ट्रॉलीला, स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला नाणं लागतं. आपले रुपये २५,००० पर्यंतच बाहेर नेता येतात, पण तुला परतीच्या रिक्षापुरते दोन हजार पुरेत.

विमानतळावर चार तास आधी. टर्मिनलच्या दारावर जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो, आणि बाप तिथेच थांबतो. त्याला हे आधी सांगून ठेव, नाहीतर त्याला वाटतं आत खिडकीपर्यंत जाता येईल. दारापाशी पहिली मोजणी: सहा. मग क्रम असा: विमान कंपनीच्या काउंटरवर मोठ्या बॅगा देणं, तिथे बॅगेची चिकटपट्टीची पावती पासपोर्टला लावलेली आहे ना आणि त्यावर फ्रँकफर्टच लिहिलंय ना हे वाचणं, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा. मोठ्या बॅगा गेल्या की नग चार उरले, आकडा बदलला हे मोठ्याने म्हण. मुंबईचं हे टर्मिनल २०१४ साली उघडलं, भिंतीवरची कला पाहण्यासारखी आहे, पण आधी आपलं गेट गाठायचं आणि मग मागे येऊन पाहायचं. गेट फार लांब असू शकतं. रिकामी बाटली बरोबर ठेव, सुरक्षेनंतर भरून घे.

जेवणाचं सांगायचं राहिलं. विमानात शाकाहारी जेवण आपोआप मिळेल असं धरू नकोस. तिकीट काढल्यावर, उशिरात उशिरा दोन दिवस आधी, ते नोंदवावं लागतं. आणि तिथे एक फसगत आहे. यादीत ‘हिंदू मील’ असं नाव दिसतं, एच-एन-एम-एल. ते शाकाहारी नसतं. आपल्याला हवं ते ए-व्ही-एम-एल, म्हणजे भारतीय पद्धतीचं शाकाहारी. आपल्या शेजारच्या काकू लेकीकडे अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांनी व्ही-जे-एम-एल मागितलं होतं, ते जैन, त्यात कांदा-लसूण-बटाटा नसतो. मला ही अक्षरं त्यांनीच शिकवली. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानात सूर्य कधी मावळला म्हणायचा हा प्रश्न त्यांनी आधीच सोडवून ठेवला होता: निघतानाच्या गावचा सूर्यास्त धरायचा, घरून नेलेलं खाऊन घ्यायचं, पुढे सकाळपर्यंत नाही. इतका विचार करून प्रवासाला निघणाऱ्या माणसाचा मला फार आदर वाटतो.

विमानात बसल्या बसल्या घड्याळ जर्मनीचं लाव. सप्टेंबरात आपल्याहून साडेतीन तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार. सुमारे नऊ तासांचा प्रवास, म्हणजे दोनला सुटलेलं विमान तिथल्या साडेसात-आठला उतरतं, तेव्हा आपल्याकडे अकरा-साडेअकरा झालेले असतात. पाणी पीत राहा, तासा-दोन तासाने उठून चाल, बूट सैल कर. उतरताना कान दुखतात, तोंडात आवळासुपारी ठेव आणि गिळत राहा. पायमोजे लोकरीचे ने, विमानात गारठा असतो.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या रांगेत विद्यापीठाचं पत्र हातात ठेव, विचारतील तेवढंच सांग. बॅगा पट्ट्यावर आल्या की चिंधी ओळखून उचल, आणि तिथेच उभी राहून पुन्हा सहापर्यंत मोज. तिथून पुढचा जोड सगळ्यात नाजूक, कारण तू झोपलेली नसतेस, भाषा कानाला नवी असते आणि गाडीची वेळ डोक्यात असते.

विमानतळावर रेल्वेची दोन स्टेशनं आहेत. एक खाली, गावातल्या लोकलसारख्या गाड्यांचं. दुसरं थोडं लांब, पुलावरून चालत जाऊन, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं; पाटीवर ‘फर्नबानहोफ’ असेल. तुला हे दुसरं. तिकिटाचं मी आधीच तुझ्या दादाशी बोललो आहे. विमानाच्या तिकिटाबरोबर ‘रेल अँड फ्लाय’ मिळत असेल तर तेच घे, कारण ते एका ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. विमान उशिरा आलं तर पुढची गाडी धरता येते, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा. स्वस्तातलं जे तिकीट मिळतं ते त्याच एका गाडीचं असतं, आणि विमानाच्या वेळेवर पैज लावून ते घेऊ नये. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास ठेव. लोक दीड तास ठेवतात. ते सामान येईपर्यंत पट्ट्यापाशी घड्याळ बघत उभे राहतात, आणि तसं उभं राहण्याने माणूस जितका थकतो तितका नऊ तासांच्या विमानाने थकत नाही.

आपल्याकडे तिकीट म्हणजे जागा. तिथे तसं नाही. तिकीट वेगळं, जागेचं आरक्षण वेगळं, थोडे पैसे देऊन ते आधी करायचं. आरक्षण नसलं तरी चढता येतं, पण दोन बॅगा घेऊन दारात उभं राहून जाणं नको. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात. तुझा डबा कोणत्या अक्षराखाली येणार ते फलाटावरच्या पाटीवर दिसतं, त्या अक्षराखाली उभी राहा. पण शेवटच्या पाच मिनिटांत पाटीकडे पुन्हा बघ. दुसऱ्या वेळी आमची गाडी उलट्या क्रमाने लागून आली आणि मोठ्या आईला गुडघे धरून अख्खा फलाट पळावं लागलं. तेव्हा मला कळलं की तिथे नुसतं वेळेआधी येऊन बसणं पुरत नाही, कान आणि डोळे उघडे ठेवावे लागतात. फलाट बदलल्याची घोषणा जर्मनमध्ये होते. आजूबाजूचे लोक सगळे एकदम उठून चालू लागले तर तूही ऊठ आणि एखाद्याला विचार. विचारण्यात कमीपणा नाही. मी आयुष्यभर लोकांच्या ‘ही गाडी कुठं चालली?’ला उत्तर दिलं आहे, तो प्रश्न कोणी विचारला म्हणून मला कधी राग आला नाही.

आणखी एक. काही गाड्यांचे वाटेत दोन तुकडे होतात, पुढचा अर्धा एका गावाला, मागचा अर्धा दुसऱ्या. आपल्याकडेही पूर्वी डबे कापून दुसऱ्या गाडीला लावायचे, जुन्या माणसांना ठाऊक आहे. चढताना डब्यावरची पाटी वाच: श्टुटगार्ट लिहिलंय? मग चढ. फलाटावर फाटक नाही, तिकीट कोणी आत सोडताना बघत नाही, म्हणून तिकीट नको असं नाही. तपासनीस गाडीत येतो. श्टुटगार्ट तिथून थेट गाडीने सव्वा-दीड तास. आम्ही गेलो तेव्हा त्या स्टेशनात मोठं बांधकाम चालू होतं, फलाटापासून बाहेर येईपर्यंत बरंच चालावं लागलं. म्हणून दादाला फलाटावरच उभं राहायला सांगितलं आहे, बाहेर नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत असं तो सांगतो. त्याला तिथे परकं वाटत नाही, तुलाही वाटू नये.

रविवारी पोचू नकोस. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद, उघडी असतात ती मुख्यतः स्टेशन आणि विमानतळावरची. नव्या खोलीत रिकाम्या फ्रीजपुढे पहिली रात्र काढायला लावणं मला बरं वाटत नाही. तुझं तिकीट बुधवारचं आहे हे पाहून मला बरं वाटलं.

पुढे आई-बाप तुला भेटायला येतील. त्यांचा व्हिसा पाहुण्याचा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि त्याला कमीत कमी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमेवर पाहुण्यांचा फोटो आणि बोटांचे ठसे घेणं सुरू झालं आहे. तुझ्या बापाची बोटं सोयाबीन आणि तुरीत झिजली आहेत, ठसे उमटत नाहीत. व्हिसाच्या आधी पंधरा दिवस रोज रात्री बोटांना खोबरेल चोळायला लाव. आणि आईच्या गुडघ्यांसाठी तिकिटाबरोबरच चाकाची खुर्ची नोंदव. तिला लाज वाटेल, मोठ्या आईलाही वाटली होती. पण खुर्ची ढकलणारा माणूस रांगांतून, कागदांतून, दारांतून थेट विमानापर्यंत नेतो, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना त्या माणसाइतका आधार दुसरा कोणाचा नसतो.

तू पोचशील तेव्हा आपल्याकडे दुपार उलटलेली असेल. तुझा बाप परतीच्या वाटेवर सारखा खिशातला फोन काढून पाहत असेल, आई देवापुढे दिवा लावून बसली असेल. लांबलचक काही लिहायची गरज नाही, खोलीत बॅगा टेकवल्यावर घरच्या ग्रुपवर फक्त ‘सहा’ असं टाक. आम्हाला कळेल.